ओसरीवरून : छपरावरचा बर्फ कोणीं उतरावा ?

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं बर्फ पाहिला असेल तो एक तर रसवंतीच्या दुकानांत, नाहीं तर बदरीकेदारच्या यात्रेंत दूरच्या शिखरांवर. आम्हीही त्यांतलेच. चौतीस वर्षें मुलांना संस्कृत शिकवितांना अमरकोशांतील हिमाचीं सात नांवें आम्ही घोकून घेतलीं. कुमारसंभवाच्या आरंभीं कवीनें हिमाला हिमालयाचा एक किरकोळ दोष ठरवून तो त्याच्या अनंत गुणांत बुडवून टाकला आहे. तेंही आम्ही मान डोलावीत समजावून देत आलों. परंतु हाच दोष छपरावर पांच हात सांचला, म्हणजे त्या छपराखालीं एकट्या राहणाऱ्या म्हातारीनें काय करावें, हा प्रश्न ना आमच्या मनांत कधीं आला ना आमच्या विद्यार्थ्यांच्या. हिमाला नांवें सात. हिम उपसण्याच्या फावड्याला मात्र कोशांत एकही नाहीं.

हा प्रश्न आमच्यापुढें आणला तो आमच्या भाच्यानें. तो चार वर्षांपासून जपानांत नागानो शहरीं नोकरीस आहे. पूर्वीं परदेशांतून पातळ निळ्या कागदाचीं पत्रें येत. हल्लीं मजकूर दूरध्वनीच्या कांचेवर उमटतो, व आमची सून तो मोठ्या अक्षरांत छापून आमच्या हातीं देते. मायना मात्र त्यानें सोडलेला नाहीं : 'तीर्थस्वरूप मामांस साष्टांग नमस्कार.' माघांत आलेल्या अशाच एका पत्रांत त्यानें साकाए नांवाच्या खेड्याची हकीकत कळविली. ती वाचल्यावर आम्हांस चैन पडेना, आणि त्या गांवाविषयीं जें जें हातीं लागलें तें आम्ही वाचून काढलें. एवढी उत्सुकता कां, तें ओघानें पुढें येईलच.

साकाए हें नागानो प्रांताच्या अगदीं उत्तर टोंकाला आहे. गांवाजवळून चिकुमा नदी वाहते. तीच सीमा ओलांडून निइगाता प्रांतांत शिरली, कीं तिला शिनानो म्हणतात, आणि ती जपानांतील सर्वांत लांब नदी होय. १९५६ सालीं दोन जुनीं गांवें एकत्र करून हें गांव झालें, तेव्हां लोकवस्ती सहा हजारांवर होती; आज ती दोन हजारांच्याही आंत आली आहे. गांव म्हणजे एके ठिकाणीं दाटीनें वसलेली वस्ती नव्हे. आपल्या कोंकणांतील वाड्यांप्रमाणें डोंगरउतारावर विखुरलेल्या तीसएक वस्त्या, त्यांतल्या कांहीं फार दूर, अकियामागो नांवाच्या खोऱ्यांत.

येथें बर्फ इतका कां पडतो, हें समजून घेण्याजोगें आहे. अक्षांश पाहिला तर तो सुमारें ३७, म्हणजे स्पेनमधील सेव्हिल शहराचा. आणि सेव्हिलास तर संत्रीं पिकतात. पण हिवाळ्यांत सैबेरियाचा कोरडा, गारठलेला वारा जपानच्या समुद्रावरून येतो. त्या समुद्रांत दक्षिणेकडून उष्ण प्रवाह आलेला असतो. वारा त्यावरून जातां जातां बाष्प पिऊन घेतो, आणि किनाऱ्यामागच्या डोंगरांवर आदळून वर चढला, कीं तें सारें हिमरूपानें टाकून देतो. आमच्या सह्याद्रीवर आषाढांत जें घडतें तेंच हें, फक्त पाण्याच्या जागीं बर्फ. गांवच्या मोरिमियानोहारा नांवाच्या रेल्वेस्थानकावर १२ फेब्रुवारी १९४५ रोजीं ७.८५ मीटर बर्फ मोजला गेला. स्थानकावर त्या उंचीची खूण केलेला एक खांब उभा आहे. भाचा लिहितो, 'मामा, टोपी पडेपर्यंत मान वर केली तेव्हां ती खूण दिसली.'

आतां थोडें गणित. ताजा बर्फ कापसासारखा दिसतो व तसा हलकाही असतो. एक घनमीटर भरला तर पन्नास ते शंभर किलो. पण तो दिवसेंदिवस दबतो, ओला होतो, आणि मग तेवढाच घनमीटर तीनशें किलोंवर जातो. हिवाळ्याच्या अखेरीस त्याहूनही अधिक. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद अशा छपरावर दबलेला बर्फ एकच मीटर सांचला, तरी भार झाला तीनशें क्विंटल. शंभर किलोंचीं तीनशें पोतीं घरावर रचून खालीं निजावें, अशांतला हा प्रकार. म्हणून हिवाळ्यांत पांचसहा वेळां, आणि कडक वर्षीं त्याहून अधिक वेळां, कोणीतरी वर चढून तो बर्फ खालीं टाकावाच लागतो. न टाकला तर आधीं दारें घट्ट बसतात, मग तुळया कुरकुरतात.

ह्या मुलखाची हकीकत प्रथम जगाला सांगितली ती सुझुकी बोकुशी नांवाच्या एका व्यापाऱ्यानें. तो जवळच्याच एचिगो प्रांतांत शिओझावा येथें राहणारा. जन्म १७७०, मृत्यु १८४२. कापडाचा व्यवहार संभाळून त्यानें आपल्या हिममय देशाचें वर्णन लिहिलें. पण राजधानींतील एकामागून एक ग्रंथकारांचे उंबरे झिजवितां झिजवितां त्याची हयात सरत आली, तेव्हां कोठें १८३७ च्या सुमारास ग्रंथ छापून निघूं लागला. ग्रंथाचें नांव 'होकुएत्सु सेप्पु'. (ज्या लेखकांचीं हस्तलिखितें परत येतात त्यांनीं हा वृत्तांत उशाशीं ठेवावा.) राजधानीच्या लोकांना बर्फ म्हणजे मद्याचा पेला हातीं घेऊन पाहण्याची शोभा, आणि आम्हांला मात्र तो कष्टांचा डोंगर, हा त्याच्या लिहिण्याचा रोख. त्याच्या गांवीं छपरावरचा बर्फ 'झाडणें' असें म्हणत नसत, 'खणणें' म्हणत, कारण जमीन खणावी तसाच तो खणावा लागे. अकियामागोच्या खोऱ्यांतही हा गृहस्थ १८२८ सालीं पायीं हिंडून आला होता.

जुन्या काळीं काम कसें वांटून घेत असत, तें ऐकण्यासारखें आहे. छप्पर ज्याचें त्यानें पाहावें. पण वाट सर्वांची. रात्रभर बर्फ पडला, कीं पहाटे कोणीतरी वेताचीं किंवा फांद्यांचीं गोल कडीं पायांना बांधून, ज्यांना ते कान्जिकी म्हणतात, शेजारच्या घरापर्यंत, शाळेपर्यंत वाट तुडवून पक्की करावयाची. बर्फ काढावयाचा नाहीं, नुसता दाबावयाचा. कोणाची पाळी, हें ठरविण्यासाठीं हिममुलखांतील पुष्कळ वस्त्यांत एक लांकडी पाटी असे. आज ज्याच्या घरीं पाटी, त्यानें वाट तुडवावी, आणि काम झालें कीं पाटी पुढच्या दाराला टांगून यावें. अध्यक्ष नाहीं, चिटणीस नाहीं, सभेचें इतिवृत्त नाहीं. आमच्या वाड्यांत नळाभोंवतालची मोरी घासण्याच्या पाळीवरून तीन बिऱ्हाडांत गेलीं दोन वर्षें जें चाललें आहे, तें आठवून आम्हांस त्या पाटीचा फार हेवा वाटला.

त्याच समुद्रकांठच्या ताकादा गांवीं आणखी एक रीत आहे. तेथें रस्त्यालगतच्या प्रत्येक घरानें आपल्या पुढील ओसरीवर छप्पर पुढें काढून ती सर्वांना चालावयास मोकळी ठेवली. जागा घरधन्याची, वाट लोकांची. अशा ओसऱ्या एकास एक लागून दूरवर गेल्या, म्हणजे बाहेर पुरुषभर बर्फ असला तरी माणूस कोरड्या पायांनीं बाजारांत जातो. पण मधलें एखादें घर ओस पडून मोडलें, कीं सांखळी तेवढ्यापुरती तुटते, व चालणाऱ्याला बर्फांत उतरावें लागतें. अशीं खिंडारें आतां तेथें वाढत आहेत. तीं पाडणारा बर्फ नव्हे. मुलें शहरांत गेलीं, हें त्याचें कारण.

साकाएचें दुखणेंही हेंच. ह्या गांवचे पुरुष पूर्वीं शेतें बर्फाखालीं गेलीं, कीं मजुरीला शहरीं जात व वसंतांत परत येत. मागें राहत बायका, मुलें आणि वृद्ध. पुढें पुष्कळजण कायमचेच गेले. वाट तुडविणारे पाय उरले नाहींत, म्हणून यंत्रें आलीं. पण यंत्राला रुंद रस्ता लागतो, आणि वस्त्यांतील वाटा बैलापुरत्या. सरकारी मदत घेऊन रस्ता करावा, तर सरकारचें माप मोठें. रुंदी, वळण, चढ सारें नियमाप्रमाणें, खर्च अफाट, आणि दहा घरांच्या वस्तीसाठीं तो कधीं मंजूर व्हावा? ताकाहाशी हिकोयोशी नांवाचे गृहस्थ १९८८ पासून २००८ पर्यंत वीस वर्षें ह्या गांवचे प्रमुख होते. गांवच्याच कचेरींत आयुष्य घालविलेला हा माणूस. त्यांनीं सरकारी माप बाजूला ठेवलें. बर्फ लोटणारें यंत्र जाईल एवढी रुंदी पुरे, असें ठरवून गांवानें आपल्याच यंत्रांनीं वाटा रुंद करावयास घेतल्या. खर्चाचा कांहीं वांटा त्या वस्तीनें उचलावयाचा. हिवाळ्यांत बर्फ लोटणारीं यंत्रें व तीं चालविणारीं माणसें उन्हाळ्यांत रिकामीं असत. त्यांच्याकडूनच ह्या वाटा आणि भाताचीं खाचरेंही नीट करून घेतलीं. ह्या कामाला तेथें 'वाट दुरुस्ती' अशा अर्थाचें साधें नांव आहे. मोठ्या योजनांना मोठीं नांवें देण्याची हौस त्यांना नसावी.

यंत्र आलें म्हणजे सारें झालें, असें मात्र नाहीं. पहाटे यंत्र रस्त्यावरून गेलें, कीं बाजूला लोटलेल्या बर्फाचा टणक बांध प्रत्येक दारापुढें पडतो. तरुण माणूस तो अर्ध्या तासांत फोडील; ऐंशी वर्षांच्या बाईला तो ओलांडतांही येत नाहीं. रस्ता मोकळा आणि दार बंद ! त्या मुलखांतील पुष्कळ गांवांनीं ह्यावर रस्त्याच्या कडेनें वाहत्या पाण्याचा पाट काढला आहे. बर्फ त्यांत टाकावा, पाणी तो नदीला नेऊन पोंचवितें. पण सगळ्यांनीं एकदम टाकला, तर पाट तुंबून खालच्या आळींतील घरांत पाणी शिरावयाचें. म्हणून वरच्या आळीची वेळ निराळी, खालच्या आळीची निराळी. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या ज्यांनीं आपल्या आगरांत पाहिल्या आहेत त्यांना हें अधिक समजाविण्याची जरूर नाहीं.

आतां छपराकडे वळूं. छपरावर चढण्याचे नियम सोपे आहेत व ते सर्वांना ठाऊक आहेत : एकट्यानें चढूं नये, कंबरेला दोर असावा, शिडी बांधलेली असावी, ऊन पडून बर्फ सुटूं लागला असतां कडेला उभें राहूं नये. आणि तरीही २००५-०६ च्या हिवाळ्यांत जपानभर बर्फामुळें १५२ माणसें दगावलीं. त्यांतील बहुतेक बर्फ काढण्याच्या कामांतच गेलीं, आणि तीनांतील सुमारें दोन पासष्टीच्या पुढचीं होतीं. आमचें वय सदुसष्ट. हीं माणसें अडाणी नव्हतीं; जन्मभर ज्या छपरावर चढत आलीं त्यावरच शेवटचीं चढलीं. मुलगा रविवारीं येतों म्हणाला होता, आणि बर्फ बुधवारींच फार झाला, एवढेंच.

साकाए गांवानें ह्यावर जी तोड काढली तीच आम्हांस ह्या सर्व हकीकतींत मोलाची वाटते. तेथें दर हिवाळ्याला गांवाची कचेरी कांहीं धडधाकट माणसें पगार देऊन नेमते. त्यांचें काम एकच : ज्यांच्या घरीं छपरावर चढणारें कोणी नाहीं त्यांचें छप्पर मोकळें करणें. यादी हिवाळ्यापूर्वींच तयार असते, वृद्धांची, अपंगांची, लेंकुरवाळ्या विधवांची. ज्यांची ऐपत नाहीं त्यांना पैसा पडत नाहीं, ज्यांची आहे ते ऐपतीप्रमाणें देतात. कोणी कोणाच्या दारीं जाऊन 'बाबा रे, एवढें माझें छप्पर बघशील का ?' असें म्हणावें लागत नाहीं, आणि पुढें वर्षभर त्या उपकाराचें ओझें वागवावें लागत नाहीं. नेमलेल्या माणसांनाही हिवाळ्याचा रोजगार घरच्या घरीं मिळतो.

शेजारधर्माच्या गोष्टी आम्ही पुष्कळ ऐकल्या आहेत व शाळेंत निबंधालाही घातल्या आहेत. परंतु शेजारधर्माची एक गोम अशी, कीं ज्याला मदत हवी त्यालाच ती मागावी लागते. आणि जो जितका मानी तितका तो उशिरां मागतो. यादींत नांव असलें, कीं मागण्याचा प्रश्नच राहत नाहीं. कर्तव्य ठरलें म्हणजे लाज जाते. ह्याच गांवानें पुढें आजाऱ्यांच्या शुश्रूषेसाठींही अशीच सोय केली. शंभराहून अधिक गांवकऱ्यांनीं शुश्रूषेचें रीतसर शिक्षण घेतलें, म्हणजे पायांत गेता, त्यांच्या लांकडी खडावा, अडकवून शेजारच्या घरीं चटकन जातां यावें. त्यांना लोक 'खडावा घालून येणारे मदतनीस' असेंच म्हणूं लागले. जोडे घालून लांबून यावें लागतें तो परका. खडावांवर येतो तो शेजारी.

हें सर्व असून गांव ओसरतेंच आहे, हेंही लिहिलें पाहिजे. २००६ च्या जानेवारींत हिमपाताच्या भयानें रस्ता बंद होऊन अकियामागोच्या वस्त्या कांहीं दिवस जगापासून तुटल्या होत्या. १२ मार्च २०११ रोजीं, म्हणजे तोहोकूच्या महाप्रलयाच्या दुसऱ्याच दिवशीं पहाटे, गांवाला भूकंपाचा मोठा हादरा बसला. त्या वेळींही जमिनीवर बर्फ होता. साऱ्या जगाचे डोळे त्सुनामीकडे लागले असल्यानें ह्या गांवाची बातमी फारशी कोणाला लागली नाहीं. छपरावर चढणारेही आतां पन्नाशी-साठीचे होत चालले आहेत. तूर्त मात्र जो म्हातारा आपल्या घरांत राहूं इच्छितो त्याला छपराच्या भीतीनें गांव सोडावें लागत नाहीं.

आतां आमची उत्सुकता कां, तें. राजापूर तालुक्यांतील आमच्या मूळ घरीं आमच्या वहिनी एकट्या राहतात. वय चौऱ्याहत्तर, आमचे थोरले बंधु जाऊन नऊ वर्षें झालीं, मुलगा बंगळुरास. घर कौलारू. कोंकणांत बर्फ पडत नाहीं, पण मृगापूर्वीं छप्पर शाकारावें लागतेंच, आणि हल्लीं माकडांनीं कौलांचा असा फन्ना उडविला आहे, कीं दरवर्षीं शेंदोनशें कौलें नवीं घालावीं लागतात. गडी मिळत नाहीं, मिळाला तर ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे आधीं जातो. गेल्या वर्षीं वैशाखांत वहिनींनीं आम्हांस एकदांच, जातां जातां, 'भाऊजी, माजघरावर थोडें पाहावें लागेल' असें सांगितलें. आम्ही 'पैसे पाठवितों, माणूसही पाहतों' म्हणालों. पैसे पाठविले. माणूस पाहण्याचें, नातवाच्या मुंजीच्या गडबडींत, राहून गेलें. मृग वेळेवर लागला. दुसऱ्या रात्रीं देवघरांत धार लागली, तेव्हां वहिनी स्वतः शिडी लावून प्लास्टिकचा कागद घेऊन वर निघाल्या व तिसऱ्या पायरीवरून पडल्या. मनगट मोडलें. हें आम्हांस त्यांनीं कळविलें नाहीं. महिन्यानें शेजाऱ्यांकडून कळलें.

तेव्हांपासून आमच्या घरांत एकच विषय आहे : वहिनींना पुण्यास आणावें. आमच्या मंडळींनीं खोलीही लावून ठेवली आहे. वहिनी नाहीं म्हणतात. 'येईन हो, पण घराला कुलूप लावलें, कीं दोन पावसाळ्यांत तें बसेल. मग मला पुण्यास बसून त्याचेंच स्वप्न पडेल.' आम्ही त्यांना हट्टी म्हणत होतों. भाच्याचें पत्र वाचल्यावर मनांत आलें, कीं हट्ट आमचाच आहे. छप्पर शाकारून देणें आपणांस जमलें नाहीं, म्हणून माणसालाच छपराखालून काढावयाचें !

आमच्या वाडींत अकरा घरें उघडीं आहेत. त्यांतलीं सात एकेका-दोघां वृद्धांचीं. चैत्रांत आम्ही मुंबई, पुणें, बडोदें येथें पांगलेल्या भाऊबंदांना पत्रें घातलीं : प्रत्येक घरानें ऐपतीप्रमाणें वर्गणी द्यावी, दोन गडी अक्षय्यतृतीयेपासून मृगापर्यंत वाडीच्या नांवानें नेमावे, साती घरें क्रमानें शाकारून घ्यावीं, आणि यादी गांवच्या देवळांत लावावी. नऊ उत्तरें आलीं. चार जणांनीं पैसे पाठविले, तिघांनीं कल्पना स्तुत्य आहे असें लिहिलें, एकानें जुन्या हद्दीचा तंटा उकरून काढला, एकानें साऱ्या वाडीनें पत्रेच घालावे असें सुचविलें. गडी एक मिळाला आहे, दुसऱ्याचें बोलणें चाललें आहे. रोहिणी लागावयास तीन आठवडे आहेत.

वहिनींचें उत्तर परवां आलें, हातानें लिहिलेलें. मनगट अजून पुरतें वळत नसावें, कारण अक्षर तिरकें गेलें आहे. त्या लिहितात : 'भाऊजींस सप्रेम नमस्कार. यादींत माझें नांव पहिलें कां घातलेंत ? वरच्या घरच्या काकूंकडे स्वयंपाकघरांतच गळतें, त्यांचें आधीं करावें. माझें तिसरें किंवा चौथें चालेल. माझ्याकडून किती घ्यावयाचे तेवढें कळवावें, म्हणजे सुपारी विकली कीं बाजूला काढून ठेवीन.'